रायगड ते साउथ ब्लॉक : संरक्षणाचा कारभार

(पाचाड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या वर्गासाठी मला विषय देण्यात आला तो 'देशाच्या संरक्षण मंत्रालयाची रचना आणि कारभार' हा. रायगडाच्या पायथ्याशी, जिजाऊसाहेबांच्या समाधीपासून हाकेच्या अंतरावर बसून फायली, सचिव आणि अर्थसंकल्प यांविषयी काय बोलायचे, असे कोणाच्याही मनात येईल. येथे बोलावे ते तलवारीविषयी आणि तानाजीरावांविषयी. त्यांचे उमरठ येथून फार दूर नाही. पराक्रमाविषयी माझ्याहून चांगले बोलणारे पुष्कळ आहेत. परंतु त्या पराक्रमाला वेळेवर पगार कोणी दिला, घोड्याला नाल कोणी ठोकली, गडावर दारूगोळा किती उरला याचा हिशेब कोणी ठेवला, हे सांगायचे बहुधा राहून जाते. मी कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार. तोफेच्या नळीचा व्यास मला विचारू नका. पण कारभार कसा चालतो आणि कोठे अडतो, हे पाहण्यात माझी उभी हयात गेली आहे. म्हणून मी त्याच अंगाने बोलणार आहे.

मंत्रालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईची इमारत आणि तिच्या दाराशी अर्ज घेऊन उभी असलेली रांग येते. संरक्षण मंत्रालयाची ओळख पिढ्यान्‌पिढ्या दिल्लीतील साउथ ब्लॉक ही राहिली. तेथे रांग नसते. आणि म्हणूनच सामान्य नागरिकाला त्या कारभाराची कल्पनाही नसते. खरे तर या महाड-पोलादपूरच्या पट्ट्याइतका त्या मंत्रालयाशी घरोबा असलेला मुलूख महाराष्ट्रात थोडाच असेल. 'फौजी आंबवडे' या नावाने ओळखले जाणारे गाव आपल्याच महाड तालुक्यातले. पहिल्या महायुद्धापासून ज्या गावातून माणसे पलटणीत जात आली, त्या गावाला सैन्य ठाऊक असते. सैन्य चालवणारे खाते मात्र बहुधा निवृत्तिवेतनाच्या कागदावरच भेटते.

आधी वरच्या गडाकडे पाहू. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि अष्टप्रधानांना संस्कृत नावे मिळाली. पेशवे मुख्यप्रधान झाले, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, सरनोबत सेनापती. या रचनेत आजच्या अर्थाने वेगळे 'संरक्षण खाते' दिसत नाही. सेनापती हंबीरराव मोहिते आठांपैकी एक होते, आठांवर नव्हते. उलट न्यायाधीश आणि पंडितराव हे दोघे वगळता बाकीच्या प्रधानांनाही प्रसंगी मोहिमेवर जावे लागे. साल्हेरच्या १६७२ च्या लढाईत प्रतापराव गुजरांच्या बरोबरीने मोरोपंत पिंगळे होते. म्हणजे लेखणी धरणाऱ्यास रणांगण ठाऊक होते आणि रणांगणावरचा सेनापती मंत्रिमंडळात बसत होता. ही गोष्ट लक्षात ठेवा. साउथ ब्लॉकमध्ये गेल्यावर तिची आठवण होणार आहे.

सैन्याची उतरंड सभासदाने नोंदवून ठेवली आहे. राजाराम महाराजांच्या आज्ञेने जिंजीच्या मुक्कामी लिहिलेली त्याची बखर मला नेहमी एखाद्या जबाबदार कार्यालयीन टिपणासारखी वाटते. पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. जुमलेदारास वर्षाला ५०० होन, हजाऱ्यास १०००, पंचहजाऱ्यास २०००. पायदळाची मोजणी निराळी. तेथे दहा माणसांमागे नाईक आणि वेतनेही वेगळी. पण मला या साऱ्यात सर्वांत मोलाची वाटते ती एक बारीकशी नोंद. दर पंचवीस घोडेस्वारांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल! ज्याने हे प्रमाण ठरवले, त्याने मोहीम अडते कोठे याचा विचार केला होता.

दुसरी गोष्ट पगाराची. महाराजांनी सैन्याला रोख वेतन दिले आणि लष्करी चाकरीबद्दल मुलूख तोडून देण्याची रीत शक्यतो टाळली. मुलूख दिला की सरदाराचे सैन्य सरदाराचे होते. खजिन्यातून पगार दिला की ते राज्याचे राहते. सैन्याच्या प्रत्येक पातळीवर अधिकाऱ्यासोबत हिशेब पाहणारे कारकून असत. दसऱ्याला फौज बाहेर पडताना प्रत्येकाच्या चीजवस्तूची यादी होई. आठ महिने मुलूखगिरी करून पावसाळ्यापूर्वी छावणीत परतताना ती यादी पुन्हा तपासली जाई आणि जास्त निघालेला माल सरकारात जमा होई. आज ज्याला आपण लेखापरीक्षण म्हणतो, ते घोड्यावरून उतरणाऱ्या माणसाचे होत होते.

आता गडाचा कारभार पाहा. प्रत्येक गडावर तीन समान दर्जाचे अधिकारी : हवालदार, सबनीस आणि सरनोबत. त्यांच्या जोडीला धान्य आणि युद्धसाहित्य सांभाळणारा कारखानीस. ही माणसे जाणीवपूर्वक निरनिराळ्या ज्ञातींतून नेमलेली असत. मोठ्या घेराच्या गडावर तटाचे भाग पाडून त्यावर तटसरनोबत असत. दरवाजा एकाच्या ताब्यात, हजेरी आणि पत्रव्यवहार दुसऱ्याच्या, शिबंदी तिसऱ्याच्या आणि कोठार चौथ्याच्या. एकट्याने फितूर होऊन गड द्यायचा म्हटला तर तो देता येऊ नये, ही त्यामागची योजना. आपल्यापैकी काही जण म्हणतील, हा तर माणसांवरचा अविश्वास झाला. मला तसे वाटत नाही. चांगल्या माणसालाही मोहाच्या क्षणी एकटे सोडू नये, इतकेच त्यात आहे.

चिपळूणजवळ पडलेल्या छावणीतील जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी पाठवलेले पत्र आपणांपैकी अनेकांनी वाचले असेल. रयतेला उपद्रव देऊ नका, एवढेच त्याचे सार आपण भाषणात सांगतो. पण ते पत्र मुळात पुरवठ्याचे आहे. पावसाळा यायचा आहे, दाणा-वैरणीचा साठा मोजका आहे, तो आताच संपवलात तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाऊन दाणे ओरबाडाल आणि लोकांना मोगल बरे वाटू लागतील. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. राजा उंदरापर्यंत विचार करीत होता. सैन्याचा पुरवठा बिघडला की सैन्य आपल्याच प्रजेवर उलटते, हा कार्यकारणभाव इतक्या सरळ शब्दांत सांगणारा कागद मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

एवढे सांगून थांबलो तर ते भाबडेपणाचे होईल. ही रचना महाराजांच्या नजरेवर उभी होती. त्यांच्या पश्चात १६८० मध्ये अण्णाजी दत्तो, मोरोपंत प्रभृती प्रधानांनी संभाजी महाराजांना डावलून राजाराम महाराजांना गादीवर बसवण्याचा घाट घातला. त्या वेळी निर्णायक ठरले ते सेनापती हंबीरराव. सोयराबाई त्यांच्या सख्ख्या भगिनी, राजाराम महाराज त्यांचे भाचे. नात्याचा विचार केला असता तर कटाला सेनापतीच मिळाला असता. हंबीररावांनी प्रधानांना कैद करून संभाजी महाराजांचा पक्ष घेतला. राज्य वाचले, परंतु ते एका माणसाच्या सद्‌विवेकाने वाचले. सेनेची निष्ठा कोणाशी असावी हे ठरवणारी व्यवस्था तोवर रुजलेली नव्हती.

पुढे राजाराम महाराजांच्या काळात, औरंगजेबाच्या प्रचंड दडपणाखाली, रोख वेतनाची घडी मोडली आणि सरंजाम द्यावे लागले. प्रसंग तसाच होता. त्याबद्दल आज येथे बसून दोष देणे सोपे आहे. पण परिणाम व्हायचा तो झाला. अठराव्या शतकात मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या, तरी शिंद्यांची फौज शिंद्यांची, होळकरांची होळकरांची आणि पेशव्यांची स्वतःची म्हणावी ती हुजुरात. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे घडले, त्याची लष्करी मीमांसा पुष्कळ झाली आहे. कारभाराच्या दृष्टीने पाहिले तर रसद तुटलेली, बाजारबुणग्यांचा आणि यात्रेकरूंचा भार, आणि लढावे कसे यावर सरदारांचे एकमत नाही.

आणि कोकणातल्या माणसाने तर १७५६ विसरूच नये. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेनात, हे खरे. त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जळाले. महाराजांनी उभारलेल्या आणि कान्होजींनी वाढवलेल्या आरमाराची मुख्य शक्ती आपल्याच संमतीने आगीत गेली. भूदल आणि नौदल ही एकाच राज्याची दोन अंगे आहेत हे सांगणारी, दोघांचा तंटा घरातल्या घरात मिटवणारी यंत्रणा पुण्यात असती, तर मुंबईच्या इंग्रजांना पश्चिम किनारा इतक्या स्वस्तात मिळाला नसता. आज 'तिन्ही दलांचा समन्वय' हा शब्दप्रयोग कानावर पडला की मला विजयदुर्ग आठवतो.

इंग्रजांनी आपला लष्करी विभाग कलकत्त्यात १७७६ मध्येच सुरू केला होता. मुंबई, मद्रास, बंगाल या तीन इलाख्यांच्या सेना एका सरसेनापतीखाली आल्या त्या १८९५ मध्ये. त्यानंतर १९०५ चा तो प्रसिद्ध तंटा. सरसेनापती किचनेर यांचे म्हणणे, सैन्याचे नेतृत्व आणि सैन्याचे प्रशासन दोन्ही माझ्या हाती हवे. व्हाइसरॉय कर्झन यांचे म्हणणे, प्रशासनासाठी वेगळा लष्करी सभासद हवा, म्हणजे सरकारला दुसरे मत मिळेल. लंडनने किचनेरांची बाजू घेतली, कर्झन राजीनामा देऊन गेले. वंगभंग करणाऱ्या कर्झनांविषयी आपल्याला आपुलकी असण्याचे कारण नाही. पण या एका मुद्द्यावर त्यांचे बरोबर होते. दहा वर्षांनी त्याची किंमत मेसोपोटेमियात मोजली गेली. औषधे नाहीत, जखमींना नेण्यास नावा नाहीत, वाहतुकीची दाणादाण. आणि एप्रिल १९१६ मध्ये कुत येथे वेढ्यात अडकलेल्या फौजेने शरणागती पत्करली. १९१७ च्या चौकशी आयोगाने हिंदुस्थानातल्या लष्करी प्रशासनावर कडक ताशेरे ओढले. त्या फौजेत मराठा पलटणी होत्या. दिल्ली-सिमल्याच्या दालनात अधिकारांची वाटणी चुकली आणि त्याचे दुःख कोकणातल्या, देशावरच्या घरांनी सोसले. खात्याची रचना हा रुक्ष विषय नाही, असे मी म्हणतो ते यासाठी.

स्वातंत्र्यानंतर घटनेने सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींना दिले. प्रत्यक्ष अधिकार संसदेला उत्तरदायी असणाऱ्या मंत्रिमंडळाकडे आला. १९५५ मध्ये सरसेनापती हे पद जाऊन तिन्ही दलांचे प्रमुख आपापल्या दलाचे प्रमुख झाले. आपल्या शेजारी देशात सेनापती राज्यकर्ते होत असताना आपल्याकडे ते कधी झाले नाहीत. याचे श्रेय जसे या रचनेला, तसेच आपल्या सेनाधिकाऱ्यांच्या शिस्तीलाही दिले पाहिजे.

परंतु लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९६१ च्या कामकाज नियमांनी देशाच्या संरक्षणाची जबाबदारी ज्या विभागाकडे सोपवली, त्याचे प्रमुख संरक्षण सचिव, म्हणजे सनदी अधिकारी. तिन्ही दलांची मुख्यालये मंत्रालयाचा भाग नव्हती. ती 'संलग्न कार्यालये' होती. म्हणजे सेनापती दरबारात नाही, दरबाराबाहेरच्या ओसरीवर. युद्ध त्याने लढायचे, प्रस्तावही त्याने पाठवायचा, पण फाईल फिरणार ती ज्यांची बदली दोन-तीन वर्षांत दुसऱ्याच खात्यात व्हायची आहे अशा मेजांवरून. सनदी अधिकाऱ्यांत विद्वान आणि निष्ठावान माणसे पुष्कळ झाली, पण कर्तबगार माणूसही अशा रचनेत किती करणार?

१९५९ मध्ये जनरल थिमय्यांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी झालेल्या मतभेदातून राजीनामा दिला आणि पंतप्रधानांच्या सांगण्यावरून मागे घेतला. त्यानंतर तीन वर्षांत १९६२ घडले. हिमालयातल्या थंडीत पुरेसे गरम कपडे नसलेले जवान लढले. लढाऊ विमाने जमिनीवरच राहिली.

२१ नोव्हेंबर १९६२ रोजी यशवंतराव चव्हाणांनी संरक्षण खात्याची शपथ घेतली, त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती. महाराष्ट्राचा मुख्यमंत्री एका पराभूत खात्यात येऊन बसला. आमच्या विचारांच्या मंडळींचे आणि यशवंतरावांचे राजकारण निराळे होते, हे आपण जाणता. पण त्यांनी त्या खात्यात केलेले काम मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ते लष्करी तज्ज्ञ नव्हते आणि तसा आवही त्यांनी आणला नाही. त्यांनी सकाळच्या बैठकीची प्रथा घातली. तिन्ही दलप्रमुख आणि वरिष्ठ सचिव एका टेबलाभोवती बसत, प्रश्न तेथेच मांडला जाई आणि पुष्कळदा तेथेच सुटे. कागदावर नियम तेच राहिले, पण मंत्र्याने ओसरीवरच्या माणसाला आत बोलावले. नोव्हेंबर १९६२ मध्येच संरक्षण उत्पादनाचा वेगळा विभाग झाला, आणि १९६४ पासून सैन्याच्या वाढीची पंचवार्षिक योजना आली.

त्याचा प्रत्यय १ सप्टेंबर १९६५ ला आला. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत होते. हवाईदलाचा वापर करण्याची परवानगी मागण्यास दलप्रमुख अर्जन सिंग आले. यशवंतरावांनी वेळ न दवडता होकार दिला आणि त्याच संध्याकाळी आपली विमाने छांबवर होती. तीन वर्षांपूर्वी जो निर्णय संपूर्ण युद्धात झाला नाही, तो आता उभ्या उभ्या झाला. पहिल्या संध्याकाळी चार विमाने आपण गमावली, हेही खरे. तरी त्यामुळे निर्णय चुकीचा ठरत नाही.

पण व्यक्ती गेली की प्रथा सैल होते. १९९९ ला कारगिल झाले. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याची चिकित्सा केली. पुढे लालकृष्ण अडवाणी यांच्या अध्यक्षतेखालच्या मंत्रिगटाने फेब्रुवारी २००१ मध्ये अहवाल दिला. तिन्ही दलांचा एक संयुक्त प्रमुख असावा, ही त्यातली मुख्य शिफारस. बाकीचे बरेच झाले : एकात्मिक संरक्षण मुख्यालय आले, अंदमान-निकोबारला पहिला संयुक्त कमांड आला, खरेदीचे निर्णय घेणारी परिषद आली. दलांच्या मुख्यालयांच्या पाट्यांवर 'संरक्षण मंत्रालयाचे एकात्मिक मुख्यालय' असे लिहिले गेले. पाट्या बदलल्या, फाईलचा रस्ता फारसा बदलला नाही. मुख्य शिफारस मात्र अठरा वर्षे पडून राहिली, आणि त्यात आपल्याला जवळची वाटणारी सरकारेही होती, हे सांगितलेच पाहिजे.

याच काळात दोन मराठी नावे येतात. गोव्याचे मनोहर पर्रीकर नोव्हेंबर २०१४ ते मार्च २०१७ संरक्षणमंत्री होते. मुंबई आयआयटीत शिकलेला हा अभियंता आकडा विचारल्याशिवाय फाईल सोडत नसे अशी त्यांची ख्याती. 'समान पद, समान निवृत्तिवेतन' याची घोषणा त्यांच्याच कार्यकाळात, ५ सप्टेंबर २०१५ ला झाली. आणि त्यांनी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष लेफ्टनंट जनरल द. बा. शेकटकर. लढणारे किती आणि त्यांच्या मागे राबणारे किती, हे प्रमाण सुधारण्यासाठी त्यांनी २०१६ च्या अखेरीस अहवाल दिला. त्यातल्या ६५ शिफारशी २०१७ मध्ये स्वीकारल्या गेल्या आणि लष्कराच्या ३९ गोशाळा बंद करण्याचे ठरले. इंग्रजांच्या काळी पलटणीला दूध मिळावे म्हणून निघालेल्या त्या गोशाळा, बाजारात दूध मिळू लागल्यावरही कित्येक दशके चालू होत्या. सरकारी यंत्रणेत एखादी गोष्ट सुरू करण्याहून बंद करणे किती कठीण असते, ते यावरून पाहा.

१५ ऑगस्ट २०१९ ला लाल किल्ल्यावरून संरक्षण दलप्रमुख या पदाची घोषणा झाली आणि १ जानेवारी २०२० ला जनरल बिपिन रावत यांनी सूत्रे हाती घेतली. पदापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे मंत्रालयात लष्करी व्यवहार विभाग हा नवा विभाग आला आणि त्याचा सचिव म्हणून गणवेशातला अधिकारी बसला. आता मंत्रालयात पाच विभाग आहेत : संरक्षण, लष्करी व्यवहार, संरक्षण उत्पादन, संशोधन आणि विकास, आणि माजी सैनिक कल्याण. धोरण आणि मोठी खरेदी संरक्षण सचिवांकडे. दलांचे अंतर्गत कामकाज आणि समन्वय संरक्षण दलप्रमुखांकडे. पैशावर नजर ठेवणारी वित्त शाखा वेगळी. हवालदार, सबनीस, कारखानीस! ओसरीवरचा सरनोबत, दीडशे नव्हे पण साठ वर्षांनी तरी, आत आला.

तथापि येथेही व्यक्ती आणि व्यवस्था यांचा प्रश्न सुटलेला नाही. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळच्या अपघातात जनरल रावत गेले आणि त्यानंतर हे पद नऊ महिन्यांहून अधिक काळ रिकामे राहिले. ३० सप्टेंबर २०२२ ला जनरल अनिल चौहान आले. इतक्या प्रयासाने निर्माण झालेले पद इतके दिवस रिकामे राहावे, हे मला आजही पटत नाही. सेनापतीविना गड किती दिवस ठेवायचा? प्रतापराव नेसरीला पडले ते फेब्रुवारी १६७४ मध्ये. राज्याभिषेकाला हंबीरराव सेनापती म्हणून उभे होते.

आपल्या महाराष्ट्राशी निगडित आणखी एक बदल सांगतो. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांतल्या दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यात, दुसऱ्या एकीचे नागपूरला. खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा येथील कामगारांच्या मनात त्याबद्दल शंका होत्या आणि त्यांच्या संघटनांनी विरोधही केला. कामगाराची शंका ही देशविरोधी नसते. ती ऐकून घेण्याची जबाबदारी व्यवस्थेची असते.

शेवटी पैशाविषयी थोडे, कारण महिला भगिनींना घरखर्चाचा ताळेबंद आमच्यापेक्षा चांगला समजतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांहून अधिक तरतूद झाली. त्यातले सुमारे १ लाख ६० हजार कोटी निवृत्तिवेतनाचे, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. नवी शस्त्रसामग्री आणि भांडवली कामे यांसाठी १ लाख ८० हजार कोटी. हा आकडा पाहून काही अर्थतज्ज्ञ निवृत्तिवेतन 'ओझे' आहे असे लिहितात. त्यांनी एकदा आंबवड्याला यावे. पण प्रश्न खोटा नाही : जुन्या जवानाचे देणे आणि नव्या जवानाची बंदूक या दोन्हींसाठी एकाच तिजोरीतून काढायचे आहे, आणि कोणते किती हे ठरवण्याचे काम मंत्रालयाचेच आहे.

वर्गाच्या वेळापत्रकात यापुढे प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवला आहे. समोर निवृत्त सुभेदार-हवालदार मंडळी बसली आहेत. निवृत्तिवेतनाची सारी नोंदणी आता 'स्पर्श' या संगणकीय प्रणालीवर गेली असून हयातीचा दाखला तेथे दरवर्षी द्यावा लागतो. वयोवृद्ध माजी सैनिकांना आणि वीरपत्नींना त्यात अडचणी येतात, असे मघाशी चहाच्या वेळी दोघांनी सांगितले. गावागावातल्या संगणक येणाऱ्या तरुणांची नावे आपण आजच लिहून घेऊ आणि कोणी कोणत्या वाडीत जायचे ते ठरवू. वही पुढच्या रांगेतून फिरू द्या.